मागचं वजन

“गाडी मागनं जड हाय, दादा.” जोतीरामने पिकअप रस्त्याच्या कडेला घेतली. “न्हाईतर माझा ट्रेलर असा शेपूट हलवत न्हाई.”

प्रीतमने खाली उतरून मागे पाहिलं. ट्रेलरवर चार पट्ट्यांनी बांधलेली काळी इम्पाला उभी होती. करावे गावातल्या अर्ध्या नवऱ्या मुली याच गाडीतून सासरी गेल्या होत्या. पुढे बँजो, बॉनेटवर झेंडूच्या माळा आणि स्टिअरिंगवर प्रीतमचे वडील कमळाकर, असा तो थाट असायचा. आज ती उरणला चालली होती. आईबाबांच्या लेखी इंजिनच्या कामाला. खरं म्हणजे विकायला.

जुनं घर पाडून तिथे इमारत उठणार होती. बिल्डर दोन फ्लॅट देणार होता, पार्किंग मात्र एकच. अठरा फुटांची ही राणी ठेवायची कुठे? हे बाबांना सांगायची हिंमत प्रीतमला तीन महिन्यांत झाली नाही. मग त्याने सरळ थाप मारली. “चार महिने लागतील बाबा, पण नवीकोरी होऊन येईल.”

म्हातारा “बरं” म्हणाला. बस्स, एवढंच. चांगला कडाडून भांडला असता तर बरं झालं असतं, असं प्रीतमला तेव्हापासून वाटत होतं.

“डिकीत काय हाय?” जोतीरामने विचारलं.

“काही नाही. तिची चावीच सापडत नाही, बाबा म्हणाले.”

“मग घोळ हाय. वजन ट्रेलरच्या चाकांच्या पुढं जास्त पायजे, मागं कमी. हितं उलटं झालंय. शेजारनं कंटेनर गेला की ट्रेलर नाचनार, आन् एकदा नाचाया लागला की पिकअपला संगं घिऊन जातुय.”

“आता?”

“गाडी ईतभर पुढं वढू.”

जोतीराम साताऱ्याकडचा. वीस वर्षं सानपाड्यात राहून हेच काम करत होता. त्याला घाई करायला सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं. त्याने पट्टे सैल केले, विंचचा दोर गुंडाळत गाडी वीतभर पुढे ओढली, चाकांना लाकडी ठोकळे लावले. मग एकेक पट्टा टायरवरून फिरवून पुन्हा आवळला.

“चाकांनाच बांधताय?” प्रीतमने उगाच विचारलं.

“तुमच्या वडलांनी बजावलंय. अंगाला पट्टा लावू नको म्हनले. सकाळी मला बाजूला घिऊन इचारलं, तुला लेक हाय का? म्हनलं, हाय की, श्रुती. औंदाच लगीन केलं. तर म्हनले, मंग तू नीट नेशील.” जोतीराम हसला. “गाडीवर लई जीव हाय त्यांचा.”

प्रीतमने तोंड फिरवलं. सकाळचं सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. बाबांच्या नखांत ग्रीस होतं. परत गाडी पुसत बसले असणार, असं म्हणून त्याने सोडून दिलं होतं. मागची पडवी रिकामी दिसली. आईने सामान हलवायला सुरुवात केली असणार. आई काठाची साडी नेसून उभी होती. कुठे निघालीस, असं विचारायचंही त्याला सुचलं नव्हतं. नजर चुकवायला म्हणून तो मागच्या चाकापाशी दाणे टिपणाऱ्या कोंबडीकडे बघत राहिला होता. निघताना आईने फडक्यात बांधलेली एक डबी त्याच्या हातात दिली.

“हे मेस्तरीला दे. त्याचेच हातात दे, फडका तू सोरू नको.”

देवाचा अंगारा असणार. प्रत्येक कामाला अंगारा! ज्या मेस्तरीसाठी आईने तो बांधून दिला तो मेस्तरी कुठे नव्हताच. ती डबी आता खिशात टोचत होती आणि प्रीतमला स्वतःची किळस येत होती.

त्याने फोन लावला.

“पोचलास का रं?” कमळाकरांनी विचारलं.

“नाही. उलव्यापाशी आहे. ट्रेलर हलत होता, गाडी थोडी पुढे घेतली.”

“बरा केलास. पट्टं परत बघून घे. थोरं चाललं का सैल होतान.”

“बाबा...”

“काय?”

“परत घेऊन येऊ का?”

पलीकडे कोंबडी ओरडत होती.

“निघालेली गारी परत नाय आनत,” कमळाकर म्हणाले. “जा. हलू ने.”

फोन ठेवला गेला. खरं बोलायची एवढी चांगली संधी आली होती, तीही प्रीतमने घालवली.

उरणपर्यंत ट्रेलर जराही हलला नाही. जोतीरामने वाटेत दोनदा थांबून पट्टे तपासले.

गाडी विकत घेणाऱ्या सुधीरशेठच्या शेडमध्ये आठ-दहा जुन्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. लग्नाच्या वरातींना त्या भाड्याने जायच्या. त्याने इम्पालाभोवती एक फेरी मारली आणि खूश होऊन प्रीतमशी हात मिळवला.

“डिकी उघडता का जरा?”

“चावी नाही,” प्रीतम म्हणाला. मग त्याला डबी आठवली. मेस्तरी नाही तर नाही, आईचा शब्द तरी पाळावा. “हे आईने दिलंय. अंगारा असेल. गाडीत ठेवा.”

सुधीरशेठने फडकं सोडलं, डबी उघडली. आत एक चावी होती आणि चौघडी घातलेला कागद. बाबांच्या अक्षरातला तो मजकूर त्याने मोठ्याने वाचला.

“सुधीरशेठ, डिकीची कडी जरा वर उचलून मग चावी फिरवा. तिला जोर चालत नाही.”

सुधीरशेठचं नाव प्रीतमने घरात कधी उच्चारलंही नव्हतं. पण उरणला जुन्या गाड्या घेणारा हा एकच शेठ, हे बाबांना ठाऊक असणार.

कडी वर उचलली, चावी फिरली, डिकी उघडली. पडवीत तीस वर्षं जपलेले सगळे सुटे भाग आत होते. जुना गिअरबॉक्स, स्प्रिंगा, अॅक्सलचे दांडे, एकेक पुसून जुन्या धोतरात गुंडाळलेला. आणि सगळ्यांच्या वर हिरवा खण, हळदकुंकू लावलेला नारळ आणि ओंजळभर तांदूळ. आईने गाडीची ओटी भरली होती.