खंडेनवमीचं स्टूल

कुंकवाचं बोट स्टुलापाशी येऊन थांबलं.

"हे कुणी मांडलं हितं?" आकारामनं विचारलं.

"मी," रत्नव्वा म्हणाली.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत खंडेनवमीची पूजा चालली होती. प्रत्येक कामगारानं आपलं हत्यार धुऊनपुसून ओळीत मांडलं होतं. थाप्या, कानशी, हातोडे, वाळूच्या चाळण्या. तिथली रीत अशी, की सुपरवायझरनं प्रत्येक हत्याराला कुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं आणि डोकं टेकायचं. वगळलेलं हत्यार वर्षाच्या आत कुणाचा तरी हात खातं, असं सगळे मानत. सुपरवायझर आकारामही मानत असे. आणि त्या ओळीत, हातोडा आणि चाळणीच्या मध्ये, एक लाकडी स्टूल होतं.

"हत्यार मांडायचं असतंय. बूड टेकायची वस्तू न्हाय."

"माझं हत्यार हेच हाय."

मागच्या बायकांत खसखस पिकली. मालक वीरेश आणि अर्शी मॅडम दाराशी उभे होते.

रत्नव्वा कोर करायची. लोखंडी भागाच्या आत पोकळी हवी असली, की लोखंडाचा रस ओतताना तिथं वाळूचा घट्ट केलेला तुकडा ठेवतात. तो कोर. पेटीत वाळू ठासायची, पेटी उघडायची आणि कोर हलक्या हातानं उचलायचा. बिस्किटासारखा असतो तो. हात जरा थरथरला की चीर जाते. हे काम सगळ्या बायका दिवसभर उभ्यानं करत.

दोन वर्षांपूर्वी रत्नव्वाचा गुडघा सुजला, तेव्हा तिनं घरून स्टूल आणलं. तिच्या वडलांनी, रामलिंग सुतारांनी, तिच्या लग्नात करून दिलेलं. आकारामनं ते तिच्याखालून ओढून काढलं.

"बसायला हळदीकुंकवाला आलीयास व्हय? बसली की बाई झोपली!"

रसाची बादली तापवायला बाहेर जाळ पेटला होता. स्टूल त्या जाळात गेलं. सगळ्यांनी पाहिलं. रत्नव्वा सुट्टी होईपर्यंत उभी राहिली. तेव्हापासून ती घरचा जिना पाठमोरी उतरते.

या वर्षी दुपारनंतरचे कोर फार तडकू लागले. तयार माल परत यायला लागला.

"आळशी हायत ओ बायका," आकारामनं मालकांना सांगितलं. "भाकरी पोटात गेली की पेंगतात."

मालकांनी अर्शी मॅडमना आणलं. काम करताना माणसाच्या मनाचं आणि शरीराचं काय होतं, याचा त्यांनी अभ्यास केला होता. त्या कुणावर ओरडल्या नाहीत. कोपऱ्यात उभं राहून त्यांनी काम पाहिलं. मग प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला, "कुठं दुखतं?" असं तिथं आजवर कुणी विचारलं नव्हतं. बीबीजान तर प्रश्न ऐकूनच रडली.

मग त्यांनी निम्म्या बायकांना स्टुलावर बसवलं, निम्म्यांना उभं ठेवलं. काही दिवसांनी उलट केलं. बसलेल्यांचे कोर दुपारीही धड निघत. नवल म्हणजे, उभ्या असलेल्यांचे कोरही आधीपेक्षा कमी तडकले.

"त्या तर उभ्याच होत्या की!" मालक म्हणाले.

"हो, पण त्यांना विचारलं होतं," अर्शी म्हणाल्या. "कुणी आस्थेनं विचारलं, एवढ्यानंही माणसाचा हात सुधारतो. उरलेला फरक स्टुलाचा."

सगळ्यांना स्टुलं आली. पण रत्नव्वाच्या मनातला जाळ विझला नाही. तिला स्टूल मिळालं होतं. जळालेलं मिळालं नव्हतं.

काल संध्याकाळी मालकांनी तिला बोलावून घेतलं. ते जे बोलले, त्यावर तिनं एकच मागणी केली. मालकांनी अर्शींकडं पाहिलं. अर्शी जरा हसल्या. मागणी मान्य झाली.

आता आकाराम स्टुलापुढं उभा होता. तबकातला दिवा हलत होता. त्यानं मालकांकडं पाहिलं. त्यानं हातोड्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडं.

त्यानं स्टुलाला कुंकू लावलं. झेंडू ठेवला. मग सावकाश गुडघे टेकले.

"अजून खाली, साहेब," बीबीजान म्हणाली. "डोकं टेकलं न्हाय अजून."

डोकं लाकडाला टेकलं. रत्नव्वानं डोळे मिटले नाहीत. तिला ते पुरतं बघायचं होतं.

आकारामला चटकन उठता येईना. स्टुलाचाच आधार घेऊन तो उठला. चेहरा लाल झाला होता.

"झालं समाधान?" तो दातओठ खात म्हणाला. "बस आता तुझ्या देवावर."

"मी कशाला बसू? माझं तुम्ही जाळलंय की. हे तुमचं हाय."

"माझं?"

मालक पुढं आले. "आकाराम, दसरा झाला की इथं सुपरवायझर रत्नव्वा. तुला मी घरीच बसवणार होतो. तिनं तुला मागून घेतलं. तू कोर करतच वर आलास ना? खिडकीजवळची जागा तुझी."

कुणी हसलं नाही. आकारामनं स्टुलाकडं पाहिलं. त्याचंच कुंकू त्यावर ओलं होतं.

"उभ्यानं करीन मी," तो म्हणाला.

"बसूनच करायचं," रत्नव्वा म्हणाली. "आणि साहेब, दुपारी गुडघा दुखतोय का, ते मी सगळ्यांच्या देखत रोज विचारणार हाय."