रव्यातली अक्षरं

"वाचा," सर म्हणाले आणि त्यांनी कागद पुढे सरकवला.

कादंबरीबाईंनी तो उचलला. खिदिरपूरच्या या शाळेत त्यांनी बालवर्ग सुरू केला त्याला सहा वर्षं झाली होती, आणि तो मोडायचा हुकूम आज त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचा होता. माणसाने दुष्ट तरी किती असावं!

बालवर्ग बंद करून खोली संगणकांना द्यावी, असं संस्थेने लिहिलं होतं. मुख्याध्यापकांनी सही करून कागद आजच परत पाठवायचा होता. बाईंनी एक शब्द न गाळता वाचलं. आवाज कापत होता, त्याचाच त्यांना जास्त राग आला.

मुख्याध्यापक विनायक पेठे सर मूळचे साताऱ्याचे. कलकत्त्यातल्या एका शाळेत दोन मराठी माणसं म्हटल्यावर एकमेकांना धरून राहतील, असं कुणालाही वाटेल. कसलं काय! पाच वर्षांखालच्या पोराला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे सरांचं ठाम मत. बालवर्गाला ते पाळणाघर म्हणत, तेही पालकांसमोर. मुलं ताटातल्या रव्यात बोटाने अक्षरं गिरवतात हे कळल्यावर, शिरा कधी मिळणार, असं त्यांनी भर स्टाफरूममध्ये विचारलं होतं. सगळ्यांबरोबर बाईही हसल्या होत्या आणि घरी जाऊन रडल्या होत्या.

यंदा दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर सर तीन आठवडे उशिरा रुजू झाले आणि आल्यापासून त्यांचा जाच आणखीच वाढला. शिक्षकांना समोर उभं करून त्यांच्याच वह्या मोठ्याने वाचायला लावत. ऑफिसातल्या विनीताला आलेलं प्रत्येक पत्र वाचून दाखवावं लागे. चुका पकडायची ही नवी तऱ्हा, असं सगळे म्हणत.

सही झाली का, असं बाईंनी विचारलं. आधी वर्ग बघतो, म्हणत सर उठले.

मुलं नुकतीच घरी गेली होती. सर एका चिमुकल्या खुर्चीत कसेबसे मावले आणि प्रश्न विचारू लागले. एक अक्षर यायला किती दिवस लागतात? रोज गिरवूनही डोळ्यांना ओळखू येत नसेल तर? बाईंनी जपून उत्तरं दिली. अजेय नावाचा मुलगा फळ्यावरचं एकही अक्षर सांगायचा नाही. पण तेच बोटाने गिरवलं की चटकन सांगायचा. चार महिन्यांनी तो फळ्यावरचंही ओळखू लागला.

"चार महिने," सर पुटपुटले. मग त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं.

बाईंनी दार लावलं. आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता.

"सर, सही करायची तर करा. पण एक सांगते. तुम्ही जन्मभर शिकवलंत, पण पहिलं अक्षर कधी कुणाला शिकवलं नाहीत. म्हणून तुम्हाला हा खेळ वाटतो."

असं बोलल्यावर सर चवताळून उठतील, असंच बाईंना वाटलं. त्यांनी मात्र रव्याचं ताट ओढून घेतलं आणि एक अक्षर काढायला सांगितलं. बाईंनी ग काढला. शाळेत मराठी शिकवत नसत, पण लहानपणी ग म भ न गिरवलेला हात आपसूक तिकडेच वळला.

सर त्या अक्षराकडे बराच वेळ बघत राहिले. कपाळावर घाम आला होता. परीक्षा घ्यायची तर घ्या एकदाची, असं बाईंच्या मनात आलं.

सरांनी डोळे मिटले. बोट रव्यातल्या रेघेवरून सावकाश फिरवलं.

"ग," ते म्हणाले.

मग डोळे न उघडताच म्हणाले, "सुट्टीत मेंदूला झटका येऊन गेला, बाई. तेव्हापासून मला एक अक्षर वाचता येत नाही. उद्यापासून तुमच्या वर्गात येऊ का?"