परसातलं बिऱ्हाड

घर पाडून तिथे नवी इमारत बांधणाऱ्या बिल्डरला घेऊन घरमालक ट्रेंचर्ड आला, तेव्हा म्हातारी एनिड परसदारी खुर्ची टाकून बसली होती. तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेले, जमिनीत बिळं करून राहणारे बॅजर नावाचे रानटी प्राणी तिच्यासमोर शेंगदाणे खात होते. त्यांचं बीळ थेट घराच्या पायाखाली गेलेलं पाहून बिल्डर थबकला.

"बॅजरना कायद्याचं संरक्षण आहे. यांच्या बिळाला हात लावला तर तुरुंगात जायची पाळी येईल. मला नको ही जागा," असं म्हणून तो निघून गेला.

ट्रेंचर्ड चडफडला. "ही ब्याद इथे आली कुठून?"

"रानातून. वर्षभर शेंगदाणे टाकत टाकत मीच आणली," एनिड शांतपणे म्हणाली. "भाडेकरणीला काढायला तुम्हाला एक नोटीस पुरते, मिस्टर ट्रेंचर्ड. आता यांना काढून दाखवा."