अनुसयेचं होऊ दे

मनकर्णाबाई तुरीच्या शेंगा सोलत राहिल्या. वेदश्रीने पुन्हा विचारलं, "आजी, पासष्टी उलटली तुमची. पगारासाठी अर्ज का नाही केला?"

"करू ना बाई. घाई काय हाये?"

म्हाताऱ्यांच्या सरकारी मदतीला गावात पगारच म्हणत. या भागातल्या गावांत त्यावर यंदा किती खर्च होईल, हे वर्ध्याच्या कार्यालयात बसून वेदश्रीनेच काढलं होतं. वय बसलं की माणूस अर्ज करणार, असं तिने धरलं होतं. वयं बसली, अर्ज आले नाहीत. कारण सापडलं नाही, तर पुढच्या वर्षी तरतूद कापली जाणार होती.

"कागद अडलाय? की मुलगा नको म्हणतो?"

"मुकेश तं मांगंच लागून राह्यला." मनकर्णाबाईंनी शेजारच्या अंगणाकडे पाहून आवाज उतरवला. "अनुसयेचं होऊ दे. मंग दोघी जाऊ."

शेजारी अनुसयाबाई भांडी घासत होत्या. दोघी एकाच वयाच्या, एकाच मांडवात लग्न लागून या गावात आल्या होत्या. पण आधार कार्ड काढताना कुणीतरी अनुसयाबाईंचं वय अंदाजाने टाकलं, ते दोन वर्षं कमी पडलं.

"पगाराच्या दिवशी साऱ्या बाया आटोनं हिंगणघाटले जातेत. बँकेतून निंगाल्या का तर्री-पोहे खातेत. मी तिकडं पोहे खाऊ, अन् थे इथं भांडे घासन?"

वेदश्रीच्या हिशेबात वय होतं, उत्पन्न होतं. शेजारीण नव्हती.

भांड्यांचा आवाज थांबला. अनुसयाबाई ओल्या हातांनी कुंपणाशी आल्या.

"काऊन वो मनकर्णे? मायासाठी बसली तू? मले तं म्हणे, मुकेशले टाइम नाई!"

"सांगतलं असतं तं रडली असती तू."

"रडते माही चप्पल! लाव अंगठा आताच. तुया पगारात दोघी पोहे खाऊ. आटोत जागा नसन तं तुया मांडीवर बसन."

वेदश्रीने अर्ज भरला, शाईची डबी उघडली. मनकर्णाबाईंनी अनुसयाबाईंकडे चोरून पाहत अंगठा उमटवला.

डबी बंद होणार, तोच अनुसयाबाईंनी पदराला हात पुसला आणि आपला अंगठा पुढे केला.

"आजी, तुमचं वय अजून बसत नाही."

"मालूम हाये. तिच्या बाजूले लावून ठेवतो. टाइम आला का कागद काढजो."

वेदश्रीने डबी पुन्हा उघडली.