अपेक्षित उत्तर

सुचित्रा मॅडमनी पाठाचं टाचण तिसऱ्यांदा परत केलं, तेव्हा क्षितिजाचं डोकंच फिरलं. पानावर दोन रकाने होते. डावीकडे शिक्षिकेचा प्रश्न, उजवीकडे विद्यार्थ्यांचं अपेक्षित उत्तर. उजवा रकाना कोरा होता आणि मॅडमनी त्यावर लाल शाईने भलंमोठं वर्तुळ काढलं होतं. पाठाचा विषय काय, तर चिकित्सक विचार!

बी.एड.चा हा तिचा शेवटचा सराव पाठ. यात नापास झाली तर वर्ष फुकट. पण एखाद्या पोराने स्वतःच्या डोक्याने दिलेलं एक तरी उत्तर ऐकायचं, या हट्टापायीच ती घोडपदेवच्या चाळीतून शिक्षिका व्हायला निघाली होती. ती मॅडमना म्हणाली की प्रश्न 'तुम्हाला काय वाटतं?' असा आहे, मग मुलांना काय वाटेल ते मी आधीच कसं लिहू? मॅडमनी शांतपणे चष्मा पुसला.

"अगं, उत्तर माहीत नसेल तर प्रश्न विचारायचाच कशाला?"

यापुढे बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. क्षितिजाने मैत्रिणीच्या वहीतलं वाक्य मुकाट्याने उतरवून दिलं. कॉलेजात सगळ्याच जणी ते उतरवत होत्या. मॅडमनी लगेच सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी परळच्या शाळेत आठवीचा वर्ग मिळाला. मॅडम गुणपत्रक घेऊन शेवटच्या बाकावर बसल्या. मासे खाऊन वर दूध प्यायलं की अंगावर पांढरे डाग पडतात असं घरोघरी सांगतात, तर तुम्हाला काय वाटतं, असं क्षितिजाने विचारलं. एकजात सगळे हात वर गेले. खिडकीजवळची आरोही उठली आणि घडाघडा म्हणाली, "कोणी सांगितलं म्हणून लगेच खरं मानू नये. आपण स्वतः पडताळून पाहावं."

शब्द न् शब्द टाचणात उतरवलेलाच. मॅडम खूश होऊन काहीतरी लिहू लागल्या. आता पुढच्या प्रश्नावर जायचं, की पाठ पार पडला, वर्ष वाचलं. पण क्षितिजाला चीड आली. मॅडमची, त्या पोरीची आणि सगळ्यात जास्त स्वतःची. तिने टाचण टेबलावर पालथं घातलं. मॅडम मागून घड्याळाकडे बोट दाखवत होत्या, तिने तिकडे बघितलंच नाही.

"कशावरून, आरोही? स्वतः पडताळून पाहावं, हे तुला कशावरून खरं वाटतं?"

मॅडमचं पेन थांबलं. आरोहीने मात्र खरोखर विचार केला. बोटांवर काहीतरी मोजलं, आणि तिचा चेहरा खुलला.

"बाई, तुमच्याआधी चौघी जणी पाठ घेऊन गेल्या," ती म्हणाली. "चौघींनीही हेच सांगितलं. म्हणजे खरंच असणार."