दारातला आरसा

दांडीच्या किनाऱ्यावरच्या आमच्या घरात टीव्ही ओटीवर होता, आणि माझी बायको वत्सला आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. मासेमारीच्या जाळ्यांच्या पसाऱ्यात आणखी वायर कुठून ओढायची? मी दारात आरसा टांगला आणि चित्र आत पोचवलं.

तरी ती रोज म्हणायची, "अवो, आरसा जरा खाली करा. नाय दिसत."

"आनि किती खाली?" मी खेकसायचो.

ती गेली. शेवटी तिला जमिनीवर घेतलं होतं, तिथं दिवा ठेवला.

तेव्हापासून बातम्या लागल्या की आरसा दिव्याकडे झुकतो. सरळ केला तरी झुकतो.

आज तिला दिसतं तरी काय, ते बघायला मी दिव्याशेजारी आडवा झालो.

आरशात टीव्ही येतच नव्हता. ओटीवरची माझी खुर्ची तेवढी दिसत होती, आणि खुर्चीत मी बसलो होतो.