जाताना म्हणायचा शब्द

राइट टाउनातल्या आमच्या भोजनालयातून जेवून निघणारा माणूस "येतो" म्हणतो, आणि माझी बायको वसुधा वाढता वाढता "या" म्हणते. "जातो" म्हणणं अशुभ; धंद्यालाही बरं नाही.

सोमवारी भर दुपारी कोठीच्या खोलीतून पुरुषी आवाज आला, "येतो." आत फक्त तांदळाची पोती होती. वसुधा सवयीनं "या" म्हणून गेली.

"कोणाशी बोलून राहिली?" मी विचारलं.

"कोणी का असेना. रीत तर आहे नं त्याला."

मंगळवारी आवाज कोठीच्या दाराशी आला. वसुधानं ओठ मिटून घेतले. आमचे रोजचे गिऱ्हाईक सुखरामजी मात्र ताटातल्या भाजीत मन लावून सौजन्यानं म्हणाले, "या, या."

बुधवारी आमची अपूर्वा तांदूळ आणायला कोठीत गेली. तिचं मराठी अर्धं हिंदी, "मम्मी, मी आली" असलं. ती बाहेर येईना. वसुधानं दोनदा हाक मारली, "अपूर्वा, बाहेर निघ." तो शब्द तिनं कटाक्षानं टाळला. तिसऱ्यांदा तिचा धीर सुटला.

"ये गं बाई."

दार उघडलं. अपूर्वा परात घेऊन बाहेर आली आणि आईला अदबीनं म्हणाली,

"आलो."